प्रोपेन वायू : गुणधर्म, उपयोग आणि धोके यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोपेन म्हणजे नेमके काय?

प्रोपेन हा तीन कार्बन आणि आठ हायड्रोजन अणूंचा बनलेला संपृक्त हायड्रोकार्बन आहे. अल्केन कुलात मिथेन व इथेन यांच्यानंतर आणि ब्युटेनच्या आधी त्याचा क्रमांक लागतो. शुद्ध स्वरूपात तो रंगहीन आणि गंधहीन असतो, पाण्यात फारच थोडा विरघळतो आणि वातावरणाच्या नेहमीच्या दाबाला उणे ४२ अंश सेल्सिअसवर उकळतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलिन बर्थेलो यांनी तो १८५७ साली प्रयोगशाळेत तयार केला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वॉल्टर स्नेलिंग या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वायूंचा अभ्यास करताना त्यातला प्रोपेन ओळखला, आणि तेव्हापासून इंधन म्हणून त्याचा व्यापार सुरू झाला. प्रोपेन मुद्दाम कोणी ‘बनवत’ नाही म्हटले तरी चालेल, कारण जगातला बहुतेक प्रोपेन नैसर्गिक वायूवर प्रक्रिया करताना वेगळा काढला जातो किंवा खनिज तेलाच्या शुद्धीकरणात जोडीने मिळतो.

प्रोपेन आणि एलपीजी एकच आहेत का?

एकच नाहीत, पण नाते जवळचे आहे. एलपीजी हे द्रवरूप पेट्रोलियम वायूंचे सामूहिक नाव असून त्यात प्रोपेन, ब्युटेन किंवा त्या दोघांचे मिश्रण असू शकते. ब्युटेन सुमारे शून्य अंशाला उकळतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत उघड्यावर ठेवलेल्या ब्युटेनच्या सिलिंडरमधून वायू बाहेर येणे जवळजवळ थांबते. प्रोपेनच्या बाबतीत ही अडचण उणे ४२ अंशांपर्यंत तत्त्वतः येत नाही. म्हणूनच थंड प्रदेशांत प्रोपेन किंवा प्रोपेनचे प्रमाण जास्त असलेले मिश्रण वापरतात, तर उष्ण प्रदेशांतील मिश्रणांत ब्युटेनचे प्रमाण वाढवता येते. पुढे दिलेले दाबाचे आकडे शुद्ध प्रोपेनचे आहेत. मिश्रणाचा दाब घटकांच्या प्रमाणानुसार त्याहून कमी भरतो.

वायू असूनही प्रोपेन द्रवरूपात कसा साठवता येतो?

या प्रश्नाचे उत्तर नीट समजले की प्रोपेनविषयीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. कोणताही वायू त्याच्या क्रांतिक तापमानापेक्षा कमी तापमानाला असेल, तर केवळ दाब वाढवून त्याचा द्रव करता येतो. मिथेनचे क्रांतिक तापमान उणे ८२ अंशांच्या आसपास असल्यामुळे नेहमीच्या तापमानाला कितीही दाब दिला तरी मिथेनचा द्रव होत नाही. प्रोपेनचे क्रांतिक तापमान मात्र सुमारे ९७ अंश आहे. त्यामुळे २० अंश तापमानाला वातावरणाच्या साधारण आठपट दाबाखाली तो द्रव होतो, आणि एवढा दाब पोलादाच्या बऱ्यापैकी पातळ पत्र्याची टाकीही सहज पेलते.

द्रवाचे वायूत रूपांतर झाले की त्याचे आकारमान सुमारे २७० पट होते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर एका लिटरच्या जागेत जवळपास २७० लिटर वायू मावतो. वाहून नेण्याची सोय, पाइपलाइन नसलेल्या ठिकाणी मिळणारी ऊर्जा आणि सुटा सिलिंडर हे सारे या एका आकड्यामुळे शक्य झाले. गळतीचे गांभीर्यही त्याच आकड्यात दडलेले आहे, कारण द्रव गळू लागला तर त्याच छिद्रातून वायू गळण्याच्या तुलनेत कितीतरी अधिक इंधन बाहेर पडते.

बंद टाकीत द्रव आणि त्यावरील बाष्प यांच्यात समतोल असतो आणि आतला दाब केवळ तापमानावर ठरतो. शून्य अंशाला हा दाब वातावरणाच्या पावणेपाच पटींच्या आसपास असतो, २० अंशांना सुमारे ८.३ पट, ४० अंशांना साडेतेरा पटींहून थोडा अधिक आणि ५० अंशांना सुमारे १७ पट होतो. उन्हात तापलेल्या सिलिंडरबाबत इतकी काळजी का घ्यायची, याचे उत्तर या चढत्या आकड्यांत आहे.

सिलिंडरमध्ये किती वायू उरला हे दाबमापकावरून कळते का?

कळत नाही. द्रवाचा शेवटचा थेंब शिल्लक असेपर्यंत दाब तापमानानुसार तोच राहतो, आणि द्रव संपल्यावर तो झपाट्याने उतरतो. म्हणजे मापकाचा काटा उपयोगाची सूचना देतो तेव्हा वायू संपलेलाच असतो. खात्रीचा उपाय वजन करण्याचा आहे. सिलिंडरवर कोरलेले रिकामे वजन एकूण वजनातून वजा केले की उरलेले इंधन कळते. मोठ्या स्थिर टाक्यांवर द्रवाची पातळी दाखवणारे तरंगते मापक बसवलेले असते.

जोरात वापर सुरू असताना सिलिंडरवर दव किंवा बर्फ का जमतो?

द्रवाचे बाष्प होण्यासाठी उष्णता लागते. नेहमीच्या तापमानाला एक किलो प्रोपेनच्या बाष्पनाला साधारण ३५० किलोज्यूल अप्रकट उष्मा खर्च होतो. ही उष्णता द्रवातून, सिलिंडरच्या धातूतून आणि भोवतालच्या हवेतून घेतली जाते. वायू ओढण्याचा वेग बाहेरून येणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त झाला, तर द्रव थंड होत जातो, दाब घटतो, ज्योत मंदावते आणि हवेतील आर्द्रता पत्र्यावर गोठते. हा बिघाड समजू नये. सिलिंडर त्या कामासाठी लहान पडतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. मोठा सिलिंडर घेणे किंवा दोन-तीन सिलिंडर योग्य जोडणीने एकत्र लावणे हा योग्य उपाय आहे. सिलिंडरला ज्योतीने, गरम सळईने किंवा उकळत्या पाण्याने शेकणे हा प्रकार मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये.

प्रोपेन जळताना किती उष्णता देतो आणि त्यासाठी किती हवा लागते?

एक किलो प्रोपेनच्या पूर्ण ज्वलनातून सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते. धुरातील पाण्याची वाफ थंड करून तिचा उष्मादेखील परत मिळवला, तर हा आकडा ५० मेगाज्यूलपर्यंत जातो. प्रोपेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे तीन व पाण्याचे चार रेणू तयार होतात. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्केच असल्यामुळे प्रोपेनच्या एका भागाला हवेचे जवळपास २४ भाग पुरवावे लागतात. वजनाच्या हिशेबात एक किलो इंधनातून तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि १.६ किलोहून अधिक पाणी बाहेर पडते. धुराड्याविना हीटर चालणाऱ्या खोलीत काचा घामेजतात आणि भिंतींना ओल येते, त्याचे कारण हे पाणीच असते.

नैसर्गिक वायूवर चालणारी शेगडी प्रोपेनवर चालवता येते का?

आहे तशी चालवू नये. नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेनचा असतो आणि समान आकारमानाला प्रोपेनमधून त्याच्या सुमारे अडीच पट उष्णता मिळते. मिथेनसाठी बनवलेल्या जेटच्या मोठ्या छिद्रातून प्रोपेन सोडला, तर बर्नरला गरजेहून खूप जास्त इंधन मिळते आणि हवा अपुरी पडते. ज्योत लांब व पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. जेट, रेग्युलेटर आणि हवेची जुळवणी उत्पादकाच्या सूचनेनुसार जाणकाराकडून बदलून घ्यावी लागते. नळीसुद्धा प्रोपेनसाठीचीच हवी, कारण साधे नैसर्गिक रबर प्रोपेनच्या सततच्या संपर्काने फुगते व मऊ पडते.

प्रोपेनचे मुख्य उपयोग कोणते?

स्वयंपाक, पाणी तापवणे आणि खोल्या उबदार ठेवणे हे सर्वांना ठाऊक असलेले उपयोग आहेत. शेतीत धान्य वाळवण्यासाठी, कोंबड्यांची पिल्ले उबेत ठेवण्यासाठी आणि काही ठिकाणी तण ज्योतीने होरपळून नष्ट करण्यासाठी तो वापरला जातो. छपरावरील डांबरी थर वितळवणे, धातू तापवणे व कापणे, तांब्याचे नळ झाळणे या कामांतही त्याची ज्योत सोयीची ठरते. गरम हवेच्या फुग्यांचे बर्नर बहुतांशी प्रोपेनवर चालतात, कारण त्यांना थोड्या वजनात मोठी आणि हुकमी ज्योत हवी असते. बंदिस्त गोदामांत फिरणाऱ्या फोर्कलिफ्टमध्ये आणि मोटारींमध्ये तो इंधन म्हणून चालतो. त्याचा ऑक्टेन अंक शंभराहून अधिक असल्यामुळे इंजिनात ‘नॉकिंग’, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी खडखड, सहजासहजी होत नाही.

न जाळता होणारे उपयोगही तितकेच मोठे आहेत. रसायन उद्योगात प्रोपेनपासून हायड्रोजन काढून प्रोपिलीन बनवतात, आणि प्रोपिलीनपासून पॉलिप्रोपिलीन हे सर्वत्र दिसणारे प्लास्टिक तयार होते. वाफेच्या साह्याने उच्च तापमानाला त्याचे विघटन केले, तर इथिलीनही मिळते. स्प्रेच्या डब्यांत ब्युटेनच्या जोडीने तो द्रव बाहेर ढकलण्याचे काम करतो. शीतकारक म्हणून त्याला आर-२९० हे नाव आहे. ओझोनच्या थराला तो अपाय करत नाही आणि तापमानवाढीची त्याची क्षमता जुन्या फ्लोरिनयुक्त शीतकारकांच्या तुलनेत नगण्य आहे, त्यामुळे वातानुकूलक, दुकानांतील शीतकपाटे आणि हीट पंप यांत त्याचा वापर वाढतो आहे. ज्वलनशीलतेमुळे अशा यंत्रांत त्याचे प्रमाण मर्यादित ठेवतात आणि दुरुस्तीसाठी वेगळे प्रशिक्षण लागते.

हवेपेक्षा जड असल्यामुळे प्रत्यक्षात काय फरक पडतो?

खूप मोठा फरक पडतो. प्रोपेनचे बाष्प हवेच्या सुमारे दीडपट जड असते, तर मिथेन हवेपेक्षा बराच हलका असतो. मिथेन गळला तर वर चढतो आणि खिडकी किंवा झरोक्यातून निघून जाण्याची काही शक्यता असते. प्रोपेन मात्र पाण्याप्रमाणे उतार धरतो आणि जमिनीलगत पसरत तळघर, खड्डे, गटारे व पायऱ्यांखालच्या जागा भरत जातो. वारा नसेल तर तो तिथे दीर्घकाळ साचून राहू शकतो, आणि गळतीपासून लांब असलेल्या ठिणगीने पेटून ज्वाला उगमापर्यंत मागे येऊ शकते. म्हणून प्रोपेनचे सिलिंडर तळघरात ठेवू नयेत, साठ्याजवळ उघडे गटार नसावे आणि गळती ओळखणारे यंत्र जमिनीपासून थोड्याच उंचीवर बसवावे. वायुवीजनाची झडप केवळ छताजवळ असेल, तर प्रोपेनच्या दृष्टीने ती असून नसल्यासारखीच असते. जमिनीलगतही वाट हवी.

हवेत किती प्रोपेन मिसळला की तो पेट घेतो?

हवेतील त्याचे प्रमाण आकारमानाने सुमारे २.१ ते ९.५ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर मिश्रण पेटू शकते. याहून कमी प्रमाणात इंधन अपुरे पडते आणि याहून जास्त प्रमाणात हवा अपुरी पडते. वरच्या मर्यादेबाहेरचे मिश्रण सुरक्षित मानणे ही घोडचूक ठरेल, कारण दार उघडताच ताजी हवा मिसळून ते पेटण्याजोग्या टप्प्यात येते.

खालची मर्यादा किती थोडी आहे हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. एक किलो प्रोपेनचा साधारण अर्धा घनमीटरपेक्षा थोडा अधिक वायू होतो. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच खोलीचे आकारमान सुमारे २५ घनमीटर असते. त्या खोलीभर तो वायू समान मिसळला, तरी प्रमाण खालच्या मर्यादेवर पोहोचते. प्रत्यक्षात तो समान मिसळत नाही, तळाशी साचतो. म्हणून जमिनीलगतचा थर धोकादायक होण्यासाठी एक किलोही लागत नाही.

पेटवण्यासाठी लागणारी ऊर्जाही अत्यल्प, म्हणजे सुमारे पाव मिलिज्यूल असते. दिव्याचे बटण, फ्रिजचा आतला स्विच किंवा कृत्रिम धाग्याच्या कपड्यांवरील स्थिर विद्युत यांची ठिणगी त्यासाठी पुरेशी होते. ठिणगी नसताना केवळ तापलेल्या पृष्ठभागाने पेटण्यासाठी मात्र साडेचारशे अंशांहून अधिक तापमान लागते.

गंधहीन वायूला वास कसा येतो, आणि त्या वासावर किती विसंबावे?

गळती ओळखता यावी म्हणून इंधनाच्या प्रोपेनमध्ये इथाइल मर्कॅप्टन हे उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळतात. हवेतील वायूचे प्रमाण पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या साधारण एक पंचमांश होण्यापूर्वीच वास यावा, असा त्यामागील हेतू असतो.

तरीही केवळ नाकावर विसंबू नये. सर्दी, वाढते वय किंवा धूम्रपान यांमुळे घ्राणशक्ती कमी होते, सतत वास घेतल्याने नाक त्याला सरावते, आणि झोपेत तर वासाने जाग येईलच असे नाही. नव्या किंवा आतून गंजलेल्या टाकीत मर्कॅप्टनचा काही भाग धातूशी व गंजाशी क्रिया होऊन नाहीसा होऊ शकतो, आणि जमिनीखालून झिरपणाऱ्या वायूतील गंध माती शोषून घेऊ शकते. शीतकारक किंवा स्प्रेमधील प्रोपेनमध्ये तर गंध बहुधा मिसळलेलाच नसतो. जिथे माणसे झोपतात तिथे गळतीसूचक यंत्राला पर्याय नाही.

प्रोपेन विषारी आहे का?

रूढ अर्थाने नाही. मात्र तो हवेतील ऑक्सिजनची जागा घेतो, आणि बंदिस्त खड्ड्यात किंवा टाकीत त्यामुळे गुदमरून मृत्यू येऊ शकतो. अशा जागी बेशुद्ध पडलेल्या सहकाऱ्याला वाचवण्यासाठी श्वसनयंत्राविना आत उतरणारी दुसरी व्यक्तीही बळी पडते, हा सर्वच बंदिस्त जागांचा कटू अनुभव आहे. जास्त प्रमाणात हुंगल्यास गुंगी येते आणि हृदयाचे ठोके अनियमित होतात. नशेसाठी तो मुद्दाम हुंगणाऱ्यांना पहिल्याच वेळी अकस्मात मृत्यू आल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला परिचित आहेत.

मग कार्बन मोनॉक्साइडचा धोका कुठून येतो?

तो न जळालेल्या प्रोपेनमध्ये नसतो. ज्वलनाला हवा कमी पडली की तयार होतो. बर्नरमध्ये साचलेली धूळ, तुंबलेले धुराडे आणि सर्व फटी बुजवलेली खोली ही त्याची नेहमीची कारणे आहेत. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि त्याला रंग, वास किंवा चव नसते. निळी, स्थिर ज्योत चांगल्या ज्वलनाचे लक्षण आहे, तर पिवळी, लवलवती ज्योत आणि भांड्यांवरील काजळी ही दुरुस्तीची सूचना आहे. उघड्यावर वापरण्यासाठी बनवलेली शेगडी किंवा हीटर तंबूत व मोटारीत लावू नये. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : कार्बन मोनॉक्साइडची घनता हवेच्या जवळपास असल्यामुळे त्याचे सूचक यंत्र आणि प्रोपेनचे सूचक यंत्र यांच्या जागा वेगळ्या असतात, आणि एक असले म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.

सिलिंडर किंवा टाकी आपोआप फुटते का?

सुस्थितीतील सिलिंडर विनाकारण फुटत नाही. मोठ्या टाक्या आणि पुष्कळशा सिलिंडरांच्या संरक्षणाची रचना ठरलेली असते, आणि तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे ठरावीक दाबाला उघडणारी सुरक्षा झडप. खरा धोका आगीत सापडलेल्या टाकीचा असतो, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

ज्वाला टाकीच्या द्रवाने भिजलेल्या भागावर लागतात तोवर उष्णता द्रव शोषून घेतो आणि पत्रा फार तापत नाही. द्रवाच्या पातळीवरच्या कोरड्या भागाला हे संरक्षण नसते. तिथले पोलाद काही मिनिटांत इतके तापते की त्याची ताकद घटते, आणि सुरक्षा झडप आपले काम चोख करत असतानाही टाकी फाटते. दाब एकदम नाहीसा झाल्यामुळे उकळणाऱ्या द्रवाचा मोठा भाग क्षणात बाष्प होतो आणि त्याचा प्रचंड अग्निगोल बनतो. तज्ज्ञ या प्रकाराला ‘ब्लेव्ही’ म्हणतात.

फ्रान्समधील ल्योन शहराजवळच्या फेझँ तेलशुद्धीकरण कारखान्यात ४ जानेवारी १९६६ रोजी हेच घडले. प्रोपेनच्या गोलाकार टाकीच्या तळातून पाणी काढताना झडप गोठून अडकली आणि बंद करता आली नाही. बाष्पाचा ढग जमिनीलगत पसरत जवळच्या रस्त्यावर गेला आणि एका मोटारीमुळे पेटला. सुरक्षा झडप जळत्या टाकीला सांभाळेल अशा समजुतीने पाण्याचा मारा मुख्यतः शेजारच्या टाक्यांवर केला गेला, आणि सुमारे दीड तासाने टाकी फाटली. अग्निशमन दलातील जवानांसह १८ जणांचा मृत्यू झाला. झडप दाब आवरते, तापलेला पत्रा थंड करत नाही, हा धडा त्या दिवसापासून अग्निशमनाच्या शिक्षणात ठळकपणे शिकवला जातो.

टाकी पूर्ण का भरत नाहीत?

द्रव प्रोपेन तापमानाबरोबर पाण्यापेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावतो. १५ अंशांवरून ५० अंशांवर जाताना त्याचे आकारमान सुमारे १३ टक्क्यांनी वाढते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर त्या वाढीला जागा उरत नाही, आणि द्रव सहजी दाबला जात नसल्यामुळे आतला दाब धोकादायकरीत्या चढतो. म्हणून साधारण ८० टक्के भरणे हा सर्वमान्य नियम आहे. मोठ्या सिलिंडरमधून लहान सिलिंडर अंदाजाने भरून घेणे याच कारणामुळे जीवघेणे ठरते.

गळतीचा संशय आल्यास काय करावे?

ज्योती व सिगारेट विझवाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, हात पोहोचत असेल तर सिलिंडरची झडप बंद करावी, दारे-खिडक्या उघडून सर्वांना बाहेर न्यावे आणि लांब गेल्यावरच दूरध्वनी करावा. बटण ‘बंद’ करतानाही ठिणगी पडते, हे घाईत हमखास विसरले जाते. जोडणी तपासण्यासाठी साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. काडी ओढून गळती शोधण्याचा प्रकार अजूनही होतो, हे खेदाने नमूद करावे लागते.

गळणारा वायू आधीच जळत असेल तर नियम काहीसा उलटा वाटेल. वायूचा पुरवठा बंद करता येत नसेल, तर ज्योत विझवू नये. ती विझली तरी वायू येतच राहतो, साचतो आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होतो. माणसांना दूर नेणे आणि सुरक्षित अंतरावरून पाण्याने सिलिंडर थंड ठेवणे अग्निशमन दलाच्या हाती द्यावे.

सिलिंडर उभाच का ठेवावा?

उभ्या स्थितीत झडपेपाशी बाष्प असते. आडवा केला की तिथे द्रव येतो, रेग्युलेटरमधून थेट बर्नरकडे जातो आणि ज्योत अचानक भडकते. सुरक्षा झडप उघडली तरी तिच्यातूनही द्रव फेकला जातो. फोर्कलिफ्टचे सिलिंडर आडव्या वापरासाठी वेगळ्या रचनेचे असतात, त्यांचे उदाहरण इथे लागू पडत नाही.

द्रव प्रोपेन त्वचेवर पडल्यास?

तो लगेच उकळतो आणि त्वचेतील उष्णता ओढून घेतो, त्यामुळे हिमदंश होतो. तो भाग कोमट पाण्यात ठेवावा, चोळू नये, त्वचेला चिकटलेले कापड ओढून काढू नये आणि डॉक्टरांकडे जावे. डोळ्यांत गेल्यास विलंब अजिबात करू नये.

पर्यावरणाच्या दृष्टीने प्रोपेन कसा आहे?

तो जीवाश्म इंधनच आहे, तेव्हा त्याला ‘हरित’ म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. समान उष्णतेसाठी तुलना केली तर प्रति मेगाज्यूल सुमारे ६३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड प्रोपेनमधून बाहेर पडतो, नैसर्गिक वायूतून सुमारे ५६ ग्रॅम, डिझेलमधून सुमारे ७४ ग्रॅम आणि दगडी कोळशातून नव्वदीच्या पुढे. काजळी व गंधकाचे प्रदूषण मात्र लाकूड आणि कोळसा यांच्या तुलनेत फारच कमी असते. घरात चुलीच्या धुरात श्वास घेणाऱ्यांसाठी हा फरक कार्बनच्या हिशेबाहून अधिक तातडीचा आहे. गळालेला द्रव उडून जातो, त्यामुळे माती किंवा भूजल डिझेलसारखे दूषित होत नाही.

साठवलेला प्रोपेन कालांतराने खराब होतो का?

प्रोपेन स्वतः खराब होत नाही. पेट्रोल जुने झाल्यावर त्यात जसा चिकट गाळ धरतो तसा प्रोपेनमध्ये धरत नाही. जुने होतात ते सिलिंडर, झडपेतील सील, रेग्युलेटरमधील रबरी पडदा आणि नळी. सिलिंडरवर कोरलेली तपासणीची तारीख उलटली असेल, पत्र्याला खोल पोचे किंवा गंजाचे पापुद्रे असतील, किंवा नळीला भेगा दिसत असतील, तर आतील इंधन चांगले असूनही तो वापरू नये. रिकाम्या समजल्या जाणाऱ्या सिलिंडरमध्येही वातावरणाच्या दाबाइतके बाष्प उरते. तो कापणे, भोके पाडणे किंवा भंगारात टाकणे टाळावे आणि झडप बंद करून पुरवठादाराकडे परत करावा.